अबोला आणि दोन स्पीकर

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळची बीपीची गोळी घेतली.

ही डायरी सुप्रियानं त्याचसाठी दिली. पोरगी अकोल्याले नांदते. मागच्या खेपेस आली तं म्हणे, "बाबा, गोळी घेतली का नाही ते रोज लिहून ठेवत जा, तुमचा भरोसा नाही." एका गोळीसाठी एवढं मोठं पान! उरलेलं कोरं कायले सोडू? शाळेतलं मराठी मले येते, पण ते लिहाले बसलो की तहसीलदाराले अर्ज करून राह्यलो असं वाटते. म्हणून बोलतो तसंच लिहितो. वाचणारं कोणी नाही.

खरी गोठ अशी, की मंजूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याशी अबोला धरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा सांबाराचा वाफा मोडून तिथं फुलकोबी लावली. सुप्रियाच्या पुण्याच्या जावा ज्याले कोथिंबीर म्हणतात, तो आमचा सांबार. वाफा लहानसा, विहिरीजवळचा, पण तो तिचा होता, अन् मी तिले विचारलं नाही. मले वाटलं, दोन दिवस फुगन अन् तिसऱ्या दिवशी बोलन. तीस वर्षांत तिचा राग तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेला नाही.

या खेपेस गेला. मी विहिरीवरून ओरडतो, "मंजू, चहा ठेव वं!" उत्तर नाही. घरी येऊन पाहतो तं चहाचं भांडं जाग्यावर पालथं. समोर उभा राहून विचारलं की म्हणते, "तुमी सांगितलंच कवा?" घ्या! तोंडासमोर उभं राह्यलो तं नीट बोलते, हसतेही. पाठ फिरली की मुकी. असा राग मी आजवर पाह्यला नव्हता.

२५ सप्टेंबर, बुधवार

गोळी घेतली.

आज कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. मी मळ्यातून मोजल्या. डाळ बुडाले लागली. ही बाई तिथंच, ग्यासपासून दोन हातावर, मेथीच्या जुड्या बांधत बसलेली! मी धावत येऊन ग्यास बंद केला. "लक्ष कुठी हाये तुझं?" म्हटलं. "माय वं!" म्हणाली अन् माझ्या तोंडाकडे टक लावून पाहून राह्यली. हे एक नवीनच निघालं. आजकाल मी बोलाले लागलो की ती डोळ्यांत पाहत नाही, तोंडाकडे पाहते. मिशीले काही लागलं असन म्हणून मी दोनदा आरशात पाहून आलो.

दुपारी सुप्रियाचा फोन आला. तिचीही तीच तक्रार. आई फोन उचलत नाही, उचलला तं नुसतं हो हो करते, अन् "बाबाले देते" म्हणून मोकळी होते. म्हणजे पोटच्या पोरीशीही बिनसलं. एका सांबाराच्या वाफ्यापायी!

पण खरं वाईट संध्याकाळी झालं. मोहल्ल्यातल्या पोट्ट्या आल्या, "काकू, भुलाबाई बसवायची ना?" म्हणत. आमच्या मोहल्ल्याची भुलाबाई मंजूच्याच अंगणात बसते, आज पंचवीस वर्षं झाली. पूर्वी महिनाभर बसे. आता पोट्ट्यायले शिकवण्या असतात, म्हणून दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पाच दिवस. मातीची भुलाबाई मांडून पोट्ट्या तिची गाणी म्हणतात, पुण्याकडे भोंडला असते तसं. गाणी झाली की खिरापतीचा डबा येते. झाकण लावलेला डबा हलवायचा अन् आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. मंजूसारखी ओळखणारी आमच्या या वाशिमकडच्या साऱ्या मालेगावात नाही. एका वर्षी साबुदाण्याच्या चकल्या अन् तांदळाच्या चकल्या तिनं निव्वळ आवाजावरून वेगळ्या सांगितल्या, मी साक्षी आहे.

ती म्हणाली, "यंदा नाही वं बायांनो. गोंगाटानं माहं डोकं दुखते. शेजारच्या रुचिकाच्या इथी बसवा."

पोट्ट्या हिरमुसून गेल्या. बाई एका वाफ्यापायी भुलाबाई सोडत नाही. माझ्यावरूनच नाही, या घरावरूनच तिचं मन उठलं काय? हे लिहाले सोपं गेलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

गोळी राह्यली. कारण सापडलेली वस्तू.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा फ्यूज शोधाले लोखंडी पेटी उघडली, तं तळाशी एक कॅसेट! वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: मंजू, भुलाबाई, जऊळका. मले सारं आठवलं. सुप्रिया पोटात होती त्या वर्षी मंजू माहेरी जऊळक्याले होती. तिच्या अंगणात भुलाबाईची गाणी चालू, ती पुढे होऊन गाऊन राह्यली, अन् तिचा भाऊ गोविंदा ढोलक वाजवून राह्यला. बायायच्या गाण्यात ढोलक कायले म्हणून म्हाताऱ्या ओरडत होत्या, पण गोविंदा ऐकते काय! मी दोस्ताचा टेप मागून नेला होता. पोत्याच्या मागं लपवून सारं भरून घेतलं. मंग टेप परत केला, अन् कॅसेट पेटीत पडली. मंजूनं ती ऐकलीच नाही. बाईनं आपला आवाज जन्मात कधी ऐकला नाही.

गोविंदाले जाऊन अकरा वर्षं झाली.

मी ठरवलं. भुलाबाई आपल्याच अंगणात बसवायची अन् तिले तिचं गाणं ऐकवायचं, चांगल्या मोठ्या स्पीकरवर. तेही ऐकून जिचा राग जात नाही, ती बाई मंजू नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गोळी घेतली.

मिश्रीलालशेठच्या दुकानात गेलो. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यायचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पित्तरपाटात, म्हणजे पितृपक्षात, नवीन वस्तू घरात आणत नाहीत, म्हणून म्हटलं, शेठ, जुनं काही असन तं चार दिवसासाठी द्या. शेठनं गोदामातून एक टेप काढला अन् दोन स्पीकर. स्पीकर केवढे! माझ्या कमरेएवढे. म्हणे, "ले जाओ गुलाबभाऊ, पडूनच हायेत. कॅसेट कोन ऐकते आता."

मंग त्यायनं वायर तोडून दिली. दोन तारा एकमेकीले चिकटलेल्या, जुळ्या केळासारख्या. एकीवर लाल रेघ. शेठ समजावाले लागले, "हे लाल रेघवाली लाल खटक्यात, दुसरी काळ्यात. टेपच्या मागं तसंच, स्पीकरच्या मागं तसंच, दोन्ही स्पीकरले एकसारखं. उलटं करू नका."

मी म्हटलं, "शेठ, पाच हॉर्सपावरची मोटार मी स्वतः जोडतो. मले वायर शिकवता काय?"

शेठ हसले अन् गिऱ्हाईकाकडे वळले. हसण्यासारखं त्यात काय होतं?

२ ऑक्टोबर, बुधवार

गोळी घेतली, पण दाताच्या दुखण्यानं पाणीही गिळवत नव्हतं.

वायर सोलणं काय मोठं काम, असं सकाळी वाटलं होतं. दातानं ओढली तं दाढ हालली. काडी पेटवून साल जाळली तं तार काळी पडली अन् घरभर वास. मंग सांबार कापायचा विळा घेतला. सालीबरोबर तांब्याचे धागेही तुटाले लागले. आत केसासारखे बारीक वीस-पंचवीस धागे असतात. माझ्या हातात शेवटी चार उरले. पुन्हा तोडा, पुन्हा सोला. अर्धी वायर तुकड्या-तुकड्यानं अंगणात पडली.

मंजू ओसरीवरून पाहत होती. उठून आली अन् माझ्या हातातून वायर घेतली. आधी दोन जुळ्या तारा वालाच्या शेंगेसारख्या मधातून फाडून वेगळ्या केल्या. मंग चाकू सालीवर नुसता टेकवला अन् दाब न देता वायर बोटांत गोल फिरवली. जरा वाकवली. अन् शेंगेची शिर काढतात तसं टोकाचं साल एका ओढीत काढलं. आतला एकही धागा तुटला नाही. धागे चिमटीत पिळून वातीसारखे केले अन् माझ्याकडे पाहून हसली.

आठही टोकं तिनंच सोलली. मी शेजारी बसून होतो. एवढं बरं वाटलं, की काय सांगू. भाजी सोलून सोलून हात असे तयार झाले, अन् मी विळा घेऊन बसलो होतो, येड्यासारखा.

ती आत जाले वळली तेव्हा मी मागून हळूच विचारलं, "गेला काय वं राग?"

सरळ निघून गेली. म्हणजे हात बोलतात, तोंड बोलत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

गोळी घेतली.

जोडलं. आधी एका खटक्यातले धागे दुसऱ्याले चिकटले होते, तं टेप मुकाच राह्यला. ते नीट पिळून बसवले अन् आवाज आला! मंजूचा आवाज, तीस वर्षं जुना.

पण आवाज बारीक. पत्र्याच्या डब्यात मच्छर कोंडल्यासारखा. गोविंदाचा ढोलक तं शोधूनही सापडेना. एवढे कमरेएवढे स्पीकर अन् त्यायले ढोलक काढता येत नाही! शेठनं खराब माल दिला असन, असं म्हणाले जीभ वळत नाही, चांगला माणूस आहे. कॅसेटच झिजली असन.

लाल रेघेचं म्हणसान तं एका स्पीकरले बरोबर लावली. दुसऱ्याच्या मागं अंधार होता, रेघ दिसेना. तशीच बसवली. मोटारीत वायर उलटी झाली तं मोटार उलटी फिरते अन् पाणी चढत नाही, तिथं दोन तारा बदलाव्याच लागतात. स्पीकर काही फिरत नाही. त्याले कायचं उलटं अन् कायचं सुलटं?

मंजू वांगी तोडून आली तेव्हा टेप बंद करून ठेवला. दसऱ्याले एकदमच ऐकवीन.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गोळी घेतली नाही. घ्यावीशी वाटली नाही.

आज मीच वाईट वागलो, का ती वागली, हे मले ठरवता येत नाही. घडलं ते लिहितो.

स्पीकर ओसरीवरून अंगणात आणले अन् जोडून पाहत होतो. ती समोर येऊन उभी राह्यली. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत कोण थांबते, दोन मिनिटं ऐकवूनच टाकू. कॅसेट घातली, बटण दाबलं, अन् तिच्याकडे वळून विचारलं, "कसा वाजते?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं, मंग स्पीकरकडे पाह्यलं, अन् मान हलवून म्हणाली, "छान. लय छान वाजून राह्यलं."

काहीच वाजत नव्हतं! ओढाताणीत टेपच्या मागून दोन्ही वायरी निघाल्या होत्या. अंगणात चिमणीचासुद्धा आवाज नव्हता. अन् ही म्हणते लय छान!

माझं डोकं फिरलं. मी आठ-दहा दिवस हिच्यासाठी मरमर करतो, अन् ही माझी खिल्ली उडवते? मी वायरी खटक्यात कोंबाले खाली वाकलो अन् वाकल्या वाकल्या बोललो, "तुले माझ्याशी नांदायचंच नसन तं तसं सांग. जऊळक्याची गाडी काही बंद नाही झाली."

तीस वर्षांत असं बोललो नव्हतो. तोंडातून गेलं अन् मलेच चटका बसला.

ती माझ्यासमोर येऊन बसली अन् म्हणाली, "काय म्हनलं तुमी?"

असं शांतपणे विचारलं, जशी काही पुन्हा म्हणून पाह्य म्हणते. मी म्हटलं, काही नाही. जेवाले वाढ.

तिनं जेवाले वाढलं. भाकर गरम होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सारं लिहितो. अक्षर वाईट येईन तं येऊ दे.

मीच मोहल्ल्यात फिरून सांगून आलो होतो, भुलाबाई काकूच्याच अंगणात. मंजूले कळलं तेव्हा तिनं अंगण सारवलं. चार वाजता पोट्ट्या आल्या, गाणी म्हटली. मंजू मधात बसून टाळ्या वाजवत होती. टाळ्या पोट्ट्यायच्या हाताकडे पाहून वाजवत होती, हे मले आता लिहिताना दिसून राह्यलं. तेव्हा दिसलं नाही.

खिरापत मी स्वतः केली होती. केली म्हणजे काय, स्टीलच्या डब्यात फुटाणे भरले. मुद्दाम. म्हटलं, पहिल्याच दिवशी बाईनं जिंकलं पाह्यजे, म्हणजे मन रमन. स्टीलच्या डब्यात फुटाणे! रस्त्यानं जाणारा माणूसही ओळखन.

रुचिकाची पोरगी संस्कृती डबा घेऊन मधात आली. "काकू, पहिले तुमी." तिनं मंजूच्या कानापाशी डबा हलवला. खडखड खडखड. साऱ्या पोट्ट्या गप्प झाल्या.

मंजूनं सगळ्यायच्या तोंडाकडे एक-एक करून पाह्यलं. मंग म्हणाली, "शिरा."

पोट्ट्या खो खो हसल्या. "काकू, मस्करी नका करू ना!" संस्कृतीनं पुन्हा हलवला, अजून जोरात. मंजूचं तोंड उतरलं. "पेढे?" म्हणाली.

अन् मी ओसरीवरून मोठ्यानं ओरडलो, "बहिरी झाली काय वं मंजू!"

मोहल्ला हसला. मंजूही हसली. पण ती बाकीच्यायचं पाहून हसली, जरा उशिरा.

तेवढ्या उशिरात मले सारं कळलं. कुकर. फोन. विहिरीवरून मारलेल्या हाका. माझ्या तोंडाकडे पाहणं. मुक्या टेपले "लय छान". अन् त्या दिवशी मी खाली वाकून जे बोललो, ते. तिनं ते ऐकलंच नव्हतं, अन् समोर येऊन साधं विचारलं होतं, काय म्हनलं तुमी.

टेपचं बटण न दाबताच मी तिथून उठलो अन् मोटारीच्या खोलीत जाऊन बसलो. रडलो. लिहाले लाज वाटते, पण रडलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

दोघांनीही गोळी घेतली. मी माझी, अन् तिनं डोकेदुखीची.

सकाळी चहा मीच केला. तिच्यासमोर पाट घेऊन बसलो अन् हळूहळू, तोंड नीट उघडून विचारलं, "कवापासून?"

तिनं आधी कप खाली ठेवला. मंग म्हणाली, "आषाढापासून. आधी उजवा गेला. मंग डावा. दिवसभर कानात शिट्टी वाजते."

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"माह्या मावशीले साऱ्या गावात भयरी म्हनत. तिचं नाव कोनाले ठाऊकच नव्हतं. मेली तवाही भयरी मेली म्हनले." पदराचं टोक बोटाले गुंडाळत राह्यली. "मले मंजूच राह्याचं होतं."

मी तिच्या कपात अजून चहा ओतला. मंग तीच म्हणाली, "मले वाटलं, तुमीच रागावले. पह्यले समोर येऊन बोलत होते. आता पाठ करून जाता, तोंडही हलवत नाही. मी समजली, फुलकोबीवरून काही बोलली नाही तरी यायले राग आला."

"मी? मले वाटलं तूच सांबारापायी..."

"सांबार?" ती म्हणाली. "त्याचा राग तं तिसऱ्या दिवशीच गेला."

घ्या आता! दीड महिना एका घरात राहून दोघं एकमेकाच्या रागाले भेत होतो. हसावं का रडावं कळेना. तिनं आधी हसाले सुरुवात केली.

मी तिले एक सांगितलं नाही, ते जऊळक्याच्या गाडीचं. पुढे कधी सांगीन. किंवा नाही सांगणार. ते माझं मलेच वागवू दे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

गोळी घेतली, एसटीत.

वाशिमले कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यायनं तिले काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मंग दोघायले समोर बसवून समजावलं. नस कमजोर झाली, पहिल्यासारखी होणार नाही, पण मशीननं बराच फरक पडन. माप घेतलं, मशीन पंधरा दिवसांनी येईन. मशीन दिसते काय बाहेरून, एवढंच मंजूनं विचारलं. डॉक्टर म्हणे, केसात झाकून जाईन. मी म्हटलं, नाही झाकली तरी काय बिघडते, मी चष्मा झाकतो काय?

डॉक्टरनं एक गोठ सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. म्हणे, बारीक आवाज यायच्यापर्यंत पोचत नाहीत, शिट्टी, घंटी, बाईमाणसाचा पातळ आवाज. जाड आवाज अजून पोचते.

मालेगावले उतरलो. मंजूले घरी धाडलं अन् मी तडक मिश्रीलालशेठचं दुकान गाठलं. म्हटलं, शेठ, तुमच्या स्पीकरमधून जाड आवाज काहून येत नाही? नुसता बारीक येते.

शेठनं चष्म्यावरून माझ्याकडे पाह्यलं. "एक उलटा लावला ना?"

मी वर टांगलेल्या पंख्याकडे पाह्यलं.

"अरे भाऊ, आतला पडदा पुढे-मागे हलते. एक पुढे ढकलून राह्यला तवाच दुसरा मागे ओढून राह्यला, तं जाड आवाज दोघायच्या मधातच मरून जाते. बारीक तेवढा उरते. म्हनून तं बोललो होतो, दोन्हीले एकसारखं."

मोटारीचं ज्ञान मी दुकानातच सोडून आलो. येताना बाजूच्या दुकानातून धने घेतले, पेरायचे.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

गोळी घेतली. अंगणात दूध आटून राह्यलं, तोवर लिहितो.

दुपारी तीनच्या सुमारास मी दुसऱ्या स्पीकरची वायर काढली. तिनं पिळलेले धागे अजून तसेच होते, वातीसारखे. बॅटरीचा उजेड पाडून लाल रेघ शोधली, लाल खटक्यात घातली. दोन मिनिटांचं काम.

मंजू अंगणात भुलाबाईच्या मखराले ज्वारीचे धांडे बांधत होती. पाठ माझ्याकडे. मी हाक मारली नाही, काही सांगितलं नाही. आवाज मोठा केला अन् बटण दाबलं.

ढोलक आला. एवढा भरून आला की ओसरीवरची जर्मनची पातेली थरथरली.

मंजूचे हात थांबले. मंग ती वळली.

दीड महिन्यात पहिल्यांदा पाठमोरी असताना वळली. "गोविंदा!" म्हणाली. "हा तं आपल्या गोविंदाचा हात हाये!" हातातले धांडे तसेच टाकून आली अन् स्पीकरसमोर मांडी घालून बसली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, अन् बोटं मांडीवर ढोलकाबरोबर पडत होती. एकही चुकली नाही.

थोड्या वेळानं मले विचारलं, "नुसता ढोलकच भरला काय तुमी? गानं नाही?"

"गाणं आहे ना."

"कोन गाऊन राह्यलं?"

मी तिच्याकडे बोट दाखवलं.

तिनं स्पीकरवर तळवा टेकवला. "मी?" म्हणाली. "कशी गाऊन राह्यली मी?"

माझ्या तोंडावर आलं होतं, छान. पण तो शब्द आमच्या घरात नुकताच खोटा वाजून गेला होता. मी उठलो अन् तिच्या अगदी समोर, गुडघ्याले गुडघा लावून बसलो. कॅसेटमधली मंजू जसजशी म्हणत गेली तसतसा एक-एक शब्द मी तोंड मोठं करून म्हणत गेलो. माझा आवाज कसा आहे हे आमच्या म्हशीलेही ठाऊक आहे, तरी म्हटलं. पहिलं कडवं ती नुसती माझ्या ओठांकडे पाहत होती. दुसऱ्याले मान डोलाले लागली. तिसऱ्याले तिनं तोंड उघडलं, अन् ढोलक धरून गायली.

आवाज जरा वर-खाली होत होता. पहिल्यासारखा नव्हता. पण मंजूचाच होता.

कॅसेट खट्टकन संपली. ढोलक थांबला. ती थांबली नाही, गाणं शेवटापर्यंत नेलं. दारात संस्कृती अन् बाकीच्या पोट्ट्या कधीच्या येऊन उभ्या होत्या, आम्हाले पत्ता नाही.

संध्याकाळी खिरापतीचा डबा मी सरळ मंजूच्या हातात दिला. संस्कृती म्हणे, "काका, असं नसते! ओळखणाऱ्याले डबा देत नाहीत."

"या अंगणात देतात," मी म्हटलं. "आजपासून."

मंजूनं डबा दोन्ही तळव्यांत धरला. हळू हलवला, तिरका केला, पुन्हा हलवला. सगळ्या पोट्ट्या पुढे सरकल्या. मीही सरकलो.

"साखरफुटाणे," ती म्हणाली. मंग माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले. "आन यायनं मधात चोरून एक खारीक टाकली."

झाकण काढलं. पोट्ट्यायनं असा कल्ला केला, की तो तिलेही ऐकू गेला असन.

धने मी भिजवून ठेवले आहेत. उद्या विहिरीजवळच्या फुलकोबीच्या दोन ओळी काढतो अन् तिचा सांबाराचा वाफा तिले परत करतो. हे तिले अजून सांगितलं नाही. ती तिकडे दुधात पळी फिरवून राह्यली, पाठ माझ्याकडे. आत्ता इथूनच हाक माराले तोंड उघडलं होतं. डायरी मिटतो अन् तिच्यासमोर जाऊन सांगतो.